आमदार निवडला म्हणजे सगळंच त्याच्या हातात दिलं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपियन युनियनला राज्यघटना देण्यासाठी केलेल्या कराराबद्दलचा लेख रविवारी वाचला. लेखकाचं म्हणणं असं की 448 कलमांचा एवढा किचकट करार, तो लोकांच्या मतावर सोडला हीच चूक, संसदेत निवडून दिलेली माणसं मग कशासाठी आहेत. मला हे अजिबात पटलं नाही, आणि का नाही ते गोव्यातली बाई म्हणून सांगते.

आम्ही पेडण्याचे. 16 जानेवारी 1967 ला ओपिनियन पोल, म्हणजे गोव्याचं सार्वमत, झालं तेव्हा माझ्या आईने फुलाला मत दिलं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने. दोन पानं, म्हणजे वेगळं राहायची बाजू, जिंकली, 34,021 मतांनी, आणि आमच्या घरात चार दिवस कोणी धड जेवलं नाही म्हणे. पण बघा, पोल ठरत होता तेव्हा सरकार महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं (मगोचं) होतं, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, विलीनीकरण हाच पक्षाचा मुख्य मुद्दा, म्हणजे हे आमदारांवर सोडलं असतं तर उत्तर ठरलेलंच होतं. विलीनीकरणाच्या विरोधातले नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांनी हट्ट धरला की हे आमदारांनी ठरवायचं नाही, लोकांना विचारा. लोकांनी विलीनीकरणाला नाही म्हटलं, आणि त्याच लोकांनी दोन महिन्यांनी मार्चच्या निवडणुकीत परत मगोलाच निवडून दिलं! राज्य तुम्हीच करा, पण गोवा कुणात मिसळायचा ते आम्ही सांगणार. आमची बाजू हरली तरी आईने कधी म्हटलं नाही की फसवलं, कारण तिला विचारलं होतं.

फ्रान्समध्ये हेच झालं. 28 फेब्रुवारी 2005 ला व्हर्सायला दोन्ही सभागृहं एकत्र बसली आणि या करारासाठी लागणारी घटनादुरुस्ती 730 विरुद्ध 66 अशी पास झाली. तीनच महिन्यांनी, 29 मेला, लोकांना विचारलं तर जवळजवळ 55 टक्के 'नाही'. लगेच 1 जूनला नेदरलँड्समध्ये साडेएकसष्ट टक्के 'नाही'. आता यावर लोकांना कळलं नाही म्हणायचं का? फ्रान्समध्ये कराराचा मजकूर मतदारांच्या घरी पाठवला होता, आणि सत्तरीच्या आसपास टक्के लोक मत द्यायला बाहेर पडले, कंटाळलेली माणसं एवढ्या संख्येने येत नाहीत.

माझा खरा राग त्याच्या पुढच्या गोष्टीवर आहे. राज्यघटना हे नाव काढून टाकलं, जुन्या करारांत दुरुस्त्या म्हणून बराचसा तोच ऐवज 13 डिसेंबर 2007 ला लिस्बनला सह्या करून परत आणला आणि फ्रान्समध्ये फेब्रुवारी 2008 ला संसदेतूनच मंजूर करून घेतला. मूळ मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला त्या फ्रान्सच्या माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनीच लिहिलं होतं की हत्यारं तीच आहेत, फक्त पेटीतली जागा बदलली. 2007 ला राष्ट्राध्यक्ष झालेल्या सार्कोझींनी निवडणुकीआधीच संसदेतून करणार असं सांगितलं होतं हे मान्य, लपवाछपवी नव्हती. तरी ज्याला एकदा विचारलं आणि ज्याने स्पष्ट नाही म्हटलं, त्याच्याच नावाने दुसऱ्याने हो म्हणायचं हे मला पचत नाही. आधीच विचारलं नसतं तर एक वेळ चाललं असतं.

लेखकाने जर्मनीचं उदाहरण दिलंय, तिथे हिटलरने सार्वमताचा वापर केला म्हणून आज देशपातळीवर ते टाळतात. ती भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण 1934 चं ते मतदान झालं तेव्हा बाकीचे सगळे पक्ष बंद केलेले होते, तिथे नाही म्हणायला प्रचार कोण करणार? आणि त्याच जर्मनीत 30 जून 2009 ला घटना कोर्टाने सांगितलं की लिस्बनचा करार चालेल, पण संसदेचे अधिकार आधी कायद्याने नीट पक्के करा, मगच मंजुरी पुढे न्या. म्हणजे संसदेला स्वतःचा हक्क राखायलाही कोर्टाने सांगावं लागलं. (आपल्याकडे तर करार सरकारच करतं, 1994 चा डब्ल्यूटीओचा करारसुद्धा संसदेने मंजूर केला पाहिजे असं काही बंधन नव्हतं. त्यावर तुम्ही वेगळा लेख छापाच.)

प्रत्येक व्यापार कराराला सार्वमत घ्या असं मी म्हणत नाही, वेडेपणा होईल तो. पण कायदे कोण करणार, कुणाचं शेवटचं चालणार हेच बदलत असेल तर खासदाराला पाच वर्षांसाठी दिलेल्या मतात ते बसत नाही.

आयर्लंडबद्दल लेखात दोनच ओळी आहेत, लोकांनी लिस्बनच्या कराराला नाही म्हटलं म्हणून परत मत घ्यायला लावलं अशा. जून 2008 ला 53 टक्के नाही, ऑक्टोबर 2009 ला 67 टक्के हो, हे खरं. पण मधल्या काळात टॅक्स, लष्करी तटस्थता, गर्भपाताचा कायदा यांवर लेखी हमी मिळाली आणि युरोपीय आयोगात प्रत्येक देशाचा एक कमिशनर (सदस्य) कायम राहील हेही कबूल करून घेतलं, त्या 'नाही'मुळेच ना? आणि तिथे विचारावं लागलं ते सरकारच्या मेहेरबानीने नाही. रेमंड क्रॉटी नावाचा, पूर्वी शेती केलेला एक अर्थतज्ज्ञ याआधीच्या एका युरोपीय कराराविरुद्ध कोर्टात गेला, 1987 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला, आणि तेव्हापासून असे मोठे करार तिथे लोकांपुढे न्यावे लागतात. त्याचं नाव तुमच्या लेखात यायला हवं होतं.

आपली एक वाचक,
पेडणे, गोवा