देठ का साल?

सुमे,

आठ महिने झाले तुला नीट काही लिहिलं नाही, दिवाळीला नुसतं स्टिकर टाकून मोकळी झाले, त्याची खरंच लाज वाटते गं. पण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग घे ना." संपला विषय!

माझ्या ग्रीन टी सेंटची बाटली संपत आलीय. तीच, एलिझाबेथ आर्डनची, पहिल्या नोकरीला तू दिलेलीस, त्यानंतरची ही सातवी की आठवी बाटली. नवी घ्यायला कॅम्पात गेले तर काउंटरवरच्या मुलीने एर्मेसचा जार्दां सूर ल नील नावाचा सेंट डाव्या मनगटावर मारला आणि मी तिथंच उभी राहिले. कैरी! आंबा नाही, कैरी तोडल्या तोडल्या चीक येतो ना, ओठाला लागला की चुरचुरतो, तो वास. वाड्यातलं मागचं झाड, तू फांदीवर आणि काकू खालून ओरडतायत. घरी येऊन वाचलं, झाँ-क्लोद एलेना नावाच्या सेंट बनवणाऱ्याने आस्वानला नाईलकाठच्या कैऱ्यांवरूनच केलाय तो, २००५ मध्ये. आणि १९९२ चा बुल्गारीचा ग्रीन टी पण त्याचाच! आपली आर्डनची १९९९ ची, ती फ्रान्सिस कुर्कजियानची.

आता आठव, तू म्हणायचीस कैरीचा वास सालीत असतो, मी म्हणायचे देठात, आणि त्यावरून दोन दिवस अबोला. देठातच असतो सुमे, मी जिंकले!

मग उजव्या मनगटावर ग्रीन टी मारून घेतली आणि बसमध्ये आळीपाळीने दोन्ही हात हुंगत आले. ग्रीन टी आधी लिंबू, मग पुदिना, जराशी बडीशेप, तोंडावर गार पाणी मारल्यासारखं वाटतं, पण लिंबाचं ते उडणारंच, या उन्हात डेक्कन येईपर्यंत साबणाइतकीच उरली. नील कोथरूडला लिफ्टमध्ये पण होता, फक्त चीक जाऊन ओल्या लाकडासारखा झालेला. किंमत मात्र कितीतरी पट.

पण पैशांचं नाही गं. चिनू दार उघडायच्या आधी त्या ग्रीन टीवरून ओळखतो आई आली म्हणून. आणि ती तू दिलेली. सोडली तर तुझ्याशी काहीतरी तुटेल असं वाटतंय, आधीच आठ महिने गेलेत. शेवटी काहीच न घेता आले. रात्रभर हेच डोक्यात.

माझा गुडघा बरा आहे. तुझ्या प्रमोशनचं कळलं, खूप खूप अभिनंदन, पार्टी बाकी आहे. बाबांचं मोतीबिंदूचं झालं का?

सोबत नीलची कागदी पट्टी ठेवलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. वास उरला असेल तर आधी डोळे मिटून घे, मग फोन कर. देठ का साल, एवढंच सांग. तोवर नवी बाटली घेत नाही.

तुझीच,
विजू