सोडतीचे यंत्र घडवणाऱ्या मिस्त्रीकाकांस

सांगली

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न.

प्राचीन अथेन्समध्ये नागरिकांचे न्यायमंडळ ज्या सोडत-यंत्रातून निवडत, ते क्लेरोटेरिऑन तुम्ही सागवानात चालते करून दिलेत. आम्हा प्रदर्शनवाल्यांकडून त्याबद्दल मनापासून जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की बघणाऱ्यांनी ग्रीकांचे कौतुक केले. खाचांची सफाई फार थोड्यांच्या नजरेत आली.

अथेन्सच्या अगोरा संग्रहालयातल्या, अशाच यंत्राच्या दगडी तुकड्यावर खाचांच्या 11 उभ्या ओळी आहेत. आपण 5 घेतल्या, कारण इ.स.पू. चौथ्या शतकात न्यायमंडळाच्या यंत्राला 5 असत. प्रत्येक ओळीत 10 खाचा, खाचेत नावाचा बिल्ला, बाजूच्या नळीत काळ्या-पांढऱ्या गोट्या (तिकडे काशाचे ठोकळे). गोटी पांढरी पडली तर त्या आडव्या ओळीतले पाचही जण मंडळात, काळी पडली तर पाचही घरी. 15 माणसे हवीत तर 3 पांढऱ्या, 7 काळ्या.

आपल्या आरक्षण सोडतीत शाळकरी पोराच्या हातून चिठ्ठी काढतात, कारण संशय हातावरच असतो. अथेन्सवाल्यांनाही तो होताच. म्हणून बिल्ले खाचेत बसवणारा माणूससुद्धा ते चिठ्ठीनेच ठरवत. एवढा बंदोबस्त फक्त तिशी ओलांडलेल्या पुरुष नागरिकांसाठी. बायका, गुलाम, परके यांना त्यात जागा नव्हती.

मूळ यंत्राची गोटी सोडणारी कळ उरलेली नाही, त्यामुळे खरी कारागिरी तुमची. एकाखाली एक दोन खुंट्या, मधे एका गोटीची जागा: खालची ओढली की एक पडते, वरची बाकीच्यांना अडवते. 16 मिमी गोटीला आतून 20 मिमीची नळी, हा तुमचा आग्रह बरोबर होता. 25 मिमीच्या नळीत गोट्या तिरक्या बसतात, दोन गोट्यांमधले उभे अंतर 13 मिमीवर येते, आणि वरची खुंटी फटीत शिरायच्या ऐवजी गोटीवर आपटते. रंग दिलेल्या गोट्या नाकारल्यात तेही बरे केलेत. रंगाचा थर जाड-पातळ झाला की गोटी अडकते, शिवाय चिकटते. आणि नळी पारदर्शक असती तर पुढचा निकाल आधीच दिसला असता, मग सोडत कसली!

बिल्ला 3 मिमी आणि खाच 4 मिमी, तीही आत किंचित उतरती. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते, तेव्हा हा एक मिमी कामी येतो. उतार नसता तर यंत्र हलवताना बिल्ले खाली आले असते.

आता हे यंत्र शाळांना देणार आहोत. नळीवरच्या नरसाळ्याच्या तोंडाशी गोट्या कमानीसारख्या अडल्या तर बाहेरून टिचकी मारावी, काडी घालू नये, अशी तुमची सूचना मागच्या फळीवर चिकटवली आहे. खुंट्यांना तेल लावू नये, मेणच लावावे, हेही तिथेच लिहिले आहे.

आपले नम्र,
प्रदर्शनाचे कार्यकर्ते