जवसाचं तेल आणि तुमचं रात्रीचं जेवण

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई पोळ्यांच्या मावशींचं काहीतरी सांगत सुटते आणि बाबांचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. म्हणून लिहून पाठवते आहे. दादा प्रिंट काढून देईल. बाबा, चष्मा लावून वाचा, आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

मी काय खाते हे तुम्ही रोज विचारता, तर आधी तेच. बर्लिनमध्ये तूरडाळ, ज्वारीचं पीठ, हिंग सगळं मिळतं, खिसा तेवढा हलका होतो. भरडा मात्र मिळत नाही. मग मी हरभऱ्याची डाळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवते, रव्यापेक्षा जाड राहील अशी. रविवारी गोळाभात केला. मोहन घालताना हात आखडला नाही, त्यामुळे गोळे छान हलके झाले. भात अर्धा शिजल्यावर वर मांडून झाकण ठेवलं आणि खाताना कुस्करून हिंग-लाल मिरचीची फोडणी. मिरचीचा असा ठसका उठला की शेजारच्या आजींनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्यांनाही एक गोळा दिला. ताटली धुऊन परत आली आणि तीत सफरचंदाच्या केकचा तुकडा होता. आई, तुझी रिकामी ताटली परत न करण्याची रीत इथेही चालते बरं का.

आता जवसाचं. ऑफिसातली एक जण लाउझित्स भागातली आहे, बर्लिनच्या आग्नेयेला. तिनं घरी जेवायला बोलावलं. उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं त्यांचं क्वार्क, चिरलेला कांदा आणि वरून कच्च्या जवसाच्या तेलाची धार. त्यांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! पहिल्याच घासाला मला आजीचा झुणका आठवला. तिलाही वर कच्चं जवसाचं तेल लागायचंच. आपल्याकडे रिफाइंडचे डबे आले आणि घरोघरी ‘वास येतो’ म्हणून जवस बाद झालं. खरं तर त्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ असतो. बाबा, आपल्या नागपूरची महाराजबाग ज्या कृषी महाविद्यालयाची, तिथेच जवसाच्या वाणांवर काम चालतं. एवढं उशाशी असून आपण दुकानातून ओमेगाच्या गोळ्या आणतो, याला काय म्हणावं! तेलघाण्यावरून लहानशी बाटली आणा. लवकर खवट होतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा. फोडणीला वापरू नका, वरून घ्या. तेल नकोच असेल तर जवसाची चटणी तरी रोज पानात असू द्या.

पान म्हटलं की मला तुमचंच दिसतं. मी आले की आई ओट्यापासून हलत नाही. वडाभात, पाटवडीचा रस्सा, पुडाची वडी, सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, बाबांच्या बुधवार बाजारात चकरा. मी परतले की दुसऱ्या दिवसापासून पातळ खिचडी, आणि रात्री तर तेही नाही. “दुपारचं थोडं होतं, चहाबरोबर टोस्ट खाल्ले. आमचं बरं चालू आहे नं, तू काहून काळजी करून राहिली?” बाबांची साखर वाढलेली असताना मैद्याचे टोस्ट आणि वर गोड चहा! याला हलका आहार म्हणत नाहीत.

हिशेबच मांडते. या वयात शरीराला वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर स्नायू झिजतात आणि मग जिना चढताना गुडघ्यांना बोल लागतो. आईचं वजन ५० किलो, म्हणजे ५० ग्रॅम. ३० ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात. पातळ खिचडी आणि टोस्टवर हा हिशेब कसा जुळायचा? दोन्ही वेळा वरण घट्ट हवं, शिवाय दही, उसळ, झुणका. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, चांगलं आहे, तेव्हा ती सबबही नाही.

दुसरं, बाबांची साखरेची गोळी, मेटफॉर्मिन. ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि आपण शाकाहारी, म्हणजे आधीच तुटवडा. तळपायाला मुंग्या येतात ते ‘वयाचं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. आईनं ड जीवनसत्त्वही तपासावं. बर्लिनला ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरपं असतं की कातडीत ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही. मी गोळी घेते त्यात नवल नाही. पण नागपुरात राहून आई दिवसभर पडदे ओढून कूलरपुढे! मे महिन्यात उन्हात बस असं कोण म्हणेल, पण हिवाळ्यात गच्ची रिकामीच असते की.

पोळ्यांच्या मावशींना भाजी-वरणाचंही सांगा, पैसे मी पाठवते. आई, चव तुझ्यासारखी येणार नाही, हे मान्य. बाबा, तुम्ही कढी उत्तम करता हे बाहेर कोणाला माहीत नाही, पण आम्हाला आहे. आठवड्यातून एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंना जेवायला बोलवा. पाहुणा असला की आईचा हात आपोआप चालतो.

चिंटू पुढच्या महिन्यात इकडे येतोय. त्याच्याकडे संत्रा बर्फी देऊ नका. तीत खवा असतो आणि बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको. भिवापुरी तिखट, मुगवड्या आणि जवसाची चटणी द्या, चटणी जरा जास्त.

साखर तपासायला जाल तेव्हाच बी-१२ आणि ड पण करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो सरळ मला पाठवा, दादामार्फत नको. तर्री पोह्यांची रविवारची एक प्लेट बाबांना मंजूर आहे. दुसरी मागितली तर आईनं मला कळवायचं.

तुमची,
चिऊ