सभासदांसाठी सूचना: पीडीएफ आणि एपीके फाइली

नमस्कार. वाचनालयाच्या ग्रुपवर नव्या कादंबऱ्यांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फिरत आहेत. कृपया त्या टाकू नका, पुढेही पाठवू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षे टिकतो. फुकट वाटले तरी तो मोडतोच. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान, तिथे विकली जाणारी एकेक प्रत मोलाची. हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तके मात्र खुशाल पाठवा.

दुसरे, लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका. ते ॲप असते. इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की मेसेजमधले ओटीपी चोरते. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

– ग्रंथपाल