वजनात धरता, मग आजारात का धरत नाही? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री महोदय,

विषय : वजन उतरल्यानंतर लोंबत राहिलेली पोटाची कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी केलेला अर्ज दुसऱ्यांदा फेटाळल्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण मला ओळखता. निदान ओळखायला हवं. जागतिक लठ्ठपणा दिनाला, ४ मार्चला, आपल्या खात्याच्या कार्यक्रमात आपण माझा हात हातात घेऊन फोटो काढला होता. मागे माझंच मोठं पोस्टर होतं. डावीकडे १५१ किलोचा मी, उजवीकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ढगळ पँट घातलेला मी, आणि मधे मोठ्या अक्षरांत '६२ किलो उतरवले'. व्यासपीठावरून उतरताना मी आपल्याला हळूच विचारलं होतं, "साहेब, उरलेल्या कातडीचं काय?" आपण खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "वजन तुम्ही उतरवलंत, कातडीचं आम्ही बघतो. शब्द देतो."

काल त्या शब्दाचं उत्तर पोस्टानं घरी आलं. एकच ओळ आहे : "सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची असल्याने, तसेच अर्जदाराचा बीएमआय विहित मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज अमान्य करण्यात येत आहे." खाली सही आहे, ती वाचता येत नाही.

सौंदर्य हा शब्द आपल्या खात्यानं वापरला आहे, म्हणून माझ्या सौंदर्याबद्दल आधी सांगतो.

मी लेथवर काम करतो. आठ तास उभं राहून. सकाळी पाच वाजता उठतो, कारण अंग कोरडं करायला पाऊण तास लागतो. पलंगावर उताणा पडायचं, डाव्या हातानं पोटाची घडी वर उचलून धरायची. घडीखालची जागा लालभडक असते, कडेला बारीक पांढरट भेगा असतात, आणि रात्रभर घाम मुरलेला असतो. टॉवेलनं पुसलं तर सोलवटते. म्हणून बायको हेअर ड्रायर गार हवेवर लावून ती जागा वाळवते. मग बुरशीचं मलम, पावडर, जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी, त्यावर कमरेचा पट्टा. दुपारपर्यंत पट्टी ओली होते. जेवणाच्या सुट्टीत मी संडासात जाऊन ती बदलतो. माझा वास मला येतो, साहेब. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला येत असेल का, हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि आता बायकोच्या शेजारी झोपताना मी पाठ करून झोपतो. ती काही म्हणत नाही, तेच जास्त लागतं.

गेल्या वर्षभरात ही जागा चार वेळा चिघळली. एकदा लाली मांडीपर्यंत पसरली, ताप चढला, पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्या पाच दिवसांची कागदपत्रं दोन्ही अर्जांना जोडली होती. ती उघडून वाचणारा माणूस या शस्त्रक्रियेला सौंदर्यवर्धक म्हणूच शकणार नाही.

आता दुसरं कारण. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. आपला नियम सांगतो की तो ३० च्या खाली हवा. माझी उंची १ मीटर ७० सेंटिमीटर, वजन ८८ किलो ५०० ग्रॅम. बीएमआय येतो ३०.६. पॉइंट सहासाठी माझा अर्ज पडला. पत्र आलं त्या रात्री मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ओट्यावर ठेवला, ओट्यावर वाकलो, आणि बायकोनं लोंबणारी सगळी घडी त्या काट्यावर नीट ठेवली. ३ किलो ४०० ग्रॅम. पद्धत शास्त्रीय नाही हे मला कळतं, माझं आयुष्य मापं घेण्यात गेलं आहे. थोडंफार इकडेतिकडे धरा. पण एवढं वजन वजा केलं तर मी होतो ८५ किलो १०० ग्रॅम, आणि बीएमआय होतो २९.४.

म्हणजे जी कातडी काढा असं मी म्हणतो आहे, तिच्याच वजनामुळे ती काढता येणार नाही असं आपलं खातं म्हणतं. वजनात ती धरता. मग आजारात का धरत नाही? माझ्या अंगावर आहे ती एकच कातडी आहे. नाकारायच्या वेळी ती मांस असते आणि उपचाराच्या वेळी हौस होते, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला समजावून सांगा.

मर्यादेमागे वैद्यकीय कारण आहे, हे मला माहीत आहे. अंगात चरबी जास्त असेल तर जखम उसवते, आत पाणी साचतं, जंतुसंसर्ग होतो, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. हे मला सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. त्याच सर्जननं मला तपासून 'शस्त्रक्रियेस योग्य' असा शेराही लिहून दिला. माझं वजन चौदा महिने जिथल्या तिथे आहे, रक्तातलं लोह आणि प्रथिनं ठीक आहेत, मी तंबाखू-सिगारेटला कधी शिवलो नाही. समोर बसून तपासणाऱ्या डॉक्टरचा शब्द खाली आणि मला कधी न पाहिलेल्या माणसाचा भागाकार वर, ही पद्धत कुणी ठरवली?

"व्यायाम करा, आवळेल," असं मला तुमच्या मदतवाहिनीवर सांगितलं गेलं. तुमच्या खात्यातल्या माणसांना निदान एवढं तरी शिकवा. त्वचेत कोलॅजन आणि इलास्टिन असे तंतू असतात. कोलॅजन मजबुती देतं, इलास्टिन ताणल्यावर परत जागेवर आणतं. वर्षानुवर्षं ताण बसला की हे तंतू तुटतात, विस्कटतात, आणि मोठ्या वयात शरीर नवं इलास्टिन जवळजवळ तयार करत नाही. स्प्रिंग मर्यादेच्या बाहेर ताणली की ती मूळ लांबीवर परत येत नाही, हे आमच्या वर्कशॉपमधल्या नव्या पोरालाही कळतं. व्यायामानं स्नायू भरतात, ते मी करतोच. कातडीला मात्र त्यानं काही होत नाही. क्रीमनं होत नाही. लायपोसक्शननं चरबी निघते, कातडी राहते. किती किलो उतरले, किती वर्षं लठ्ठ होतो, वय काय, आईबापांकडून कसली त्वचा आली, यावर सगळं ठरतं. मी वीस वर्षं लठ्ठ होतो आणि वजन उतरवलं त्रेचाळिसाव्या वर्षी. लोंबती कातडी मला येणारच होती. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून देताना हे तुमच्या लोकांनाही माहीत होतं. मला ते एका वाक्यानंही कुणी सांगितलं नाही.

सांगितलं असतं तरी मी शस्त्रक्रिया केली असती, हे इथे नोंदवून ठेवतो. माझी साखर उतरली, गुडघे सुटले, रात्री श्वास अडकायचा तो थांबला. मला पश्चात्ताप नाही. माझ्या पत्राचा आधार घेऊन कुणी लठ्ठ माणसाला घाबरवू नये.

आणि मी मागतोय ते तरी काय? मला सपाट पोट नको आहे. पोटाचे स्नायू शिवून, बेंबी नव्या जागी बसवून जे करतात ती ॲब्डोमिनोप्लास्टी. मी अर्ज केला आहे तो पॅनिक्युलेक्टमीसाठी : लोंबणारा पदर कापायचा, जखम शिवायची, बस्स. कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत जन्मभराचा व्रण राहील. नळ्या लावाव्या लागतील, दीड-दोन महिने जड उचलता येणार नाही, पगार बुडेल. एवढं पत्करून कुणी सौंदर्य विकत घेत असेल का? या लोंबत्या पदराच्या डॉक्टरांनी पाच पायऱ्या केल्या आहेत. पहिलीत तो जांघेच्या केसांपर्यंत पोचतो, पाचवीत गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली. माझा तिसऱ्या पायरीवर आहे, मांडीच्या वरच्या भागावर येतो. लघवीला गेलो तरी मला एका हातानं तो उचलून धरावा लागतो. लिहायचं नव्हतं, पण तुमच्या त्या एका ओळीनं लिहायला लावलं.

बाल्टिमोरमध्ये हॉवर्ड केली नावाच्या डॉक्टरनं लोंबत्या पोटाची अशी शस्त्रक्रिया १८९९ साली केली होती. सव्वाशे वर्षं झाली! भाजलेल्या माणसाची आखडलेली कातडी सोडवतात, ती पुनर्रचना. कर्करोगात स्तन काढल्यावर नवा घडवतात, ती पुनर्रचना. त्या दोन्हींबद्दल मला आदर आहे, त्यात कुणी काटछाट करू नये. मग लठ्ठपणा हा आजार आहे असं तुम्हीच भाषणात म्हणता, त्याच्या उपचारातून उरलेलं शरीर दुरुस्त करणं एवढंच सौंदर्य कसं ठरतं? मला उत्तर माहीत आहे. भाजलेल्या माणसाची कीव येते, आणि लठ्ठ माणसाबद्दल मनात असतं की यानं स्वतःच ओढवून घेतलं. खिडकीवरच्या एका बाईंनी तर मला तोंडावर विचारलं, "खाताना कळलं नाही का?" मागे रांगेत नऊ माणसं होती. मी मोजली, कारण मान वर करायची हिंमत नव्हती आणि मला फक्त त्यांचे पाय दिसत होते.

त्वचारोग विभाग म्हणतो, मलम देऊ शकतो, मूळ कारण सर्जरीचं आहे. सर्जरी विभाग म्हणतो, मंजुरी आणा. लठ्ठपणा विभाग म्हणतो, तुमची केस यशस्वी म्हणून बंद झाली. बंद झाली! माझं अंग चिघळतंय आणि केस यशस्वी आहे. तुमचं सगळं खातं आकड्यांवर जगतं, साहेब. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती किलो उतरले, किती फायली निकाली निघाल्या. फाईल मंजूर झाली काय आणि फेटाळली काय, तुमच्या तक्त्यात ती निकालीच. माणूस बरा झाला का, हा रकाना मला कुठल्याच फॉर्ममध्ये सापडला नाही, आणि मी आतापर्यंत अकरा फॉर्म भरले आहेत. अकराही फॉर्ममध्ये माझी जन्मतारीख विचारली होती.

आणि हे माझ्या एकट्यापुरतं राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२२ साली जगात दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता, प्रौढांची संख्या ८९ कोटी. आता सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड अशी इंजेक्शनं आली आहेत. मोठ्या चाचण्यांत सव्वा-दीड वर्षात वजन सरासरी पंधरा ते वीस टक्क्यांनी उतरलं. त्या ८९ कोटींतल्या शंभरात एकाच्या जरी वाट्याला माझ्यासारखी कातडी आली तरी ८९ लाख माणसं होतात. माझ्याबरोबर वॉर्डात शस्त्रक्रिया झालेले आम्ही सात जण अजून एकमेकांना फोन करतो. सातांपैकी पाच जणांना घडीखाली जखमा आहेत. एकीच्या दंडाखालची कातडी बाहीत मावत नाही. एक जण पोहायला शिकणार होता, तो तलावाच्या दारातून कपडे न बदलता परत आला. त्यानं अलीकडे वजन वाढवायला सुरुवात केली आहे. म्हणतो, भरलेलं तरी बरं दिसत होतं. त्या माणसाला तुम्ही काय सांगणार आहात?

माझ्या मागण्या फार नाहीत. वारंवार चिघळणारी घडी असेल तर ही शस्त्रक्रिया उपचार म्हणून धरा. बीएमआय मोजताना लोंबत्या कातडीचं वजन सोडा, नाहीतर तपासणाऱ्या सर्जनच्या शेऱ्यावर निर्णय सोपवा. पोट लहान करायला येणाऱ्या प्रत्येकाला सही घेण्याआधी कातडीबद्दल सांगा. आणि ते पोस्टर उतरवा. नवा फोटो काढायचा असेल तर मी शर्ट काढून उभा राहायला तयार आहे.

आपला,
पोस्टरवरचा तो माणूस

ता. क. : दोन्ही अर्जांसोबत तुमच्या नियमाप्रमाणे मी प्रत्येकी चार फोटो जोडले होते. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि घडी हातानं उचलून धरलेला एक. ते बायकोनं दार बंद करून काढले होते, आणि चौथा काढताना तिचा हात इतका हलत होता की तो तीनदा काढावा लागला. ते आठ फोटो कुणाकुणाच्या टेबलावरून फिरले मला माहीत नाही. शस्त्रक्रिया करणार नसाल तर ते मला परत पाठवा. पाकीट मीच तिकीट लावून सोबत जोडलं आहे.