वाड्याची पाठ

एडिनबरा,
रविवार, दुपार

प्रिय वसंता,

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. मागच्या बोळाचा रस्ता झाला आणि तुमच्या वाड्याची पाठ एकदम चव्हाट्यावर आली म्हणून तू हैराण झालायस, हे कळलं. पुढं चिरेबंदी, दारावर गणेशपट्टी, आणि मागं डबर नि पांढऱ्या मातीची भिंत, तीवर काकूंनी थापलेल्या गोवऱ्यांचे वण. तू विचारतोस, पातळ दगडी लाद्या चिकटवून टाकू का? बांधकाम खात्यात तीस वर्षं घासली आहेत, एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण लेकीकडे आल्यापासून मी रोज ज्या इमारतीजवळून फिरायला जातो, तिच्यावर नेमका हाच प्रसंग आला होता. तेव्हा थोडं लांबण लागेल, सोसून घे.

ग्रासमार्केट म्हणून इथे एक जुना बाजारचौक आहे. तिथून व्हेनेल नावाचा पायऱ्यांचा बोळ चढतो. चढता चढता दम लागतो म्हणून मागं वळायचं, तर समोर कातळावर किल्ला. वर गेलं की गावाच्या जुन्या तटाचा तुकडा लागतो, आणि त्या तटाच्या आड ही शाळा, जॉर्ज हेरियटची.

हेरियट म्हणजे सोनार. गावातल्या मोठ्या चर्चच्या अंगाला त्याचं इवलंसं दुकान होतं. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, त्याच्या राणीला, ॲनला, दागिन्यांचा भारी नाद, त्यामुळे तो आधी तिचा आणि मग राजाचा सराफ झाला. दागिने विकायचे आणि ते घ्यायला पैसेही आपणच उसने द्यायचे, असा दुहेरी धंदा! खिशात नाणी खुळखुळतात म्हणून लोक त्याला ‘खुळखुळता जॉर्डी’ म्हणायचे. १६०३ साली राजा लंडनच्या गादीवर गेला, तसा हाही मागोमाग गेला. १६२४ मध्ये तिकडेच वारला, तेव्हा औरस मूल मागे नव्हतं. तेवीस हजारांवर पौंड एडिनबराला ठेवून गेला, बिनबापाच्या पोरांसाठी. त्यांचं राहणं, जेवण, कपडे, शिक्षण, सगळं त्यातून.

१६२८ मध्ये पाया घातला. विल्यम वॉलेस हा राजाचा मुख्य पाथरवट. तीन वर्षांत तो गेला आणि त्याच्या हाताखालच्या विल्यम एटननं काम पुढं नेलं. मधे लढाया, पैशाची ओढाताण. भिंती उभ्या राहतात तोवर १६५० साली इंग्रज सेनापती क्रॉमवेलचं सैन्य गावात घुसलं आणि त्यानं आपले जखमी शिपाई इथेच आणून टाकले. गंमत बघ, इमारतीचं नाव हेरियट्स हॉस्पिटल. त्या काळी हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे, निराधारांचं वसतिस्थान. पण पहिले रहिवासी आले ते खरोखरचे रुग्णच. पोरांचा नंबर लागला १६५९ मध्ये, आणि तीही फक्त तीस.

आराखडा तुला चटकन कळेल, वाड्याचाच आहे. मधे चौक, चहूबाजूंनी तीन मजले, चार कोपऱ्यांना चार चौकोनी बुरूज. बाहेरून एकेक बाजू साधारण एकशे साठ फूट. चौकाच्या कोपऱ्यांत जिन्यांचे मनोरे, दोन बाजूंना कमानींच्या ओसऱ्या. फक्त आपल्याकडं पाऊस चौकात पडला की बघत बसावंसं वाटतं, इथला पाऊस आडवा येतो. माझी स्केचबुक ओसरीत उभा असताना भिजली. पेन्सिलीचं वाचलं, शाईचं सगळं पसरलं.

खिडक्या मात्र बघत राहाव्यात अशा. दोनशेच्या वर आहेत आणि त्यांच्या माथ्यावरची नक्षी सहसा सारखी नाही. एकीवर गुंडाळलेल्या पट्ट्यांचा वेल, शेजारी त्रिकोणी शिरोभाग, पलीकडे हेरियटच्या मुद्रेतली फुलं आणि चांदण्या. मी एका सकाळी जोड्या लावायला बसलो आणि विसाव्या खिडकीला नाद सोडला. मला वाटतं, पाथरवटांना मालकानं मोकळं सोडलं असणार. मालक वर गेलेला, नको म्हणणार कोण!

आता मुद्द्यावर येतो. ही इमारत बांधली तेव्हा गाव उत्तरेला. बाजार, किल्ला, येणारे-जाणारे सगळे तिकडून. म्हणून उत्तरेची बाजू तेवढी घडीव चिऱ्यांची, मधोमध मनोरा, घड्याळ, वेशीसारखी कमान आणि तिच्यावर भट्टीशी बसलेला सोनार आणि पोरंबाळं कोरलेली. उरलेल्या तिन्ही बाजू डबर! दोनशे वर्षं कोणाचं काही अडलं नाही. मग गाव दक्षिणेला वाढलं, लॉरिस्टन प्लेसचा रस्ता झाला, शाळेचं नवं फाटक तिकडे निघालं आणि पाठ झाली तोंड. थेट तुझं प्रकरण. १८३३ मध्ये शाळेच्या बांधकामाचा देखरेख्या अलेक्झांडर ब्लॅक यानं तिन्ही बाजूंना क्रेगलीथच्या खाणीच्या ताशीव दगडाचा नवा दर्शनी भाग चढवला.

काम चोख आहे, नाही म्हणत नाही. ओळंबा लावून बघ, सूत सुटणार नाही. पण मी दोन्हीकडं जवळ जाऊन हात लावून पाहिला. उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवला की थांबत थांबत जातो, मागच्या भिंतीवरून नुसता सरकतो. हा क्रेगलीथचा वालुकाश्म आपल्या काळ्या पाषाणासारखा ज्वालामुखीचा नव्हे, वाळूचा बनलेला आणि फार कठीण. त्याच्या धुळीनं इथल्या पाथरवटांच्या छात्या पोखरल्या, डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. हे वाचल्यापासून मला ती गुळगुळीत भिंत पूर्वीसारखी बघवत नाही.

या पाठीमुळे प्रार्थनामंदिराची मोठी गोची झाली आहे. महाद्वारातून आत आलं की चौक ओलांडून थेट समोर, दक्षिणेच्या बाजूला प्रार्थनामंदिर, जोडीच्या खांबांमधलं दार. महाद्वारासमोर गाभारा, अगदी तसंच. आता लोक दक्षिणेच्या फाटकातून येतात, त्यामुळे पहिल्यांदा दिसते ती भिंतीतून बाहेर आलेली त्या मंदिराची पाठ आणि तिच्या उंच, टोकदार नक्षीच्या खिडक्या. देवळात मागच्या अंगानं शिरल्यासारखं वाटतं.

लेकीच्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा तिथे शिकतो. त्यांच्या ओळखीनं एका संध्याकाळी पोरांचं गाणं ऐकायला आत बसायला मिळालं. आतली सजावट जुनी नाही, १८३७ च्या सुमाराला जेम्स गिलेस्पी ग्रॅहम यानं नव्यानं केलेली. लाकडावरचं काम, छताचा नक्षीदार गिलावा, रंगीत काचा, सगळं जरा जास्तच नटवलेलं. पण गाणं सुरू झालं आणि एक लहानगा पहिल्या ओळीलाच खोकला, बाकीच्यांनी त्याला अलगद झाकून घेतलं, तेव्हा छताकडं लक्ष गेलं नाही.

बाहेर पडताना महाद्वाराच्या आतल्या अंगाला, कमानीवर, हेरियट उभा दिसतो. खाली लॅटिन ओळ आहे. अर्थ असा, की ही मूर्ती माझ्या देहाची प्रतिमा आणि ही वास्तू माझ्या मनाची. जूनमध्ये त्याचा दिवस करतात, तेव्हा पुतळा फुलांनी सजवतात. मी हे बाईंच्या तोंडून ऐकलं आणि मला एकदम शाळेतली आपली गुरुपौर्णिमा आठवली, तू पळवलेल्या शेवंतीसकट. शाळा आता सशुल्क आहे, फी ऐकून कान गरम होतात. १९७९ पासून मुलीही आहेत. आई किंवा बाप गेलेल्या पोरांना आजही हेरियटच्या पैशातून मोफत शिकवतात, एवढं मात्र टिकलंय.

तर वाड्याचं. लाद्या चिकटवू नकोस. ब्लॅककडं खाण होती, पाथरवट होते, पेढी भरलेली होती. तुझ्याकडं येणार सिमेंट आणि गोंदाचा डबा. मातीची भिंत ओल धरते, तिला श्वास लागतो. लाद्यांमागं पाणी कोंडलं की तिसऱ्या पावसाळ्यात पोट फुगेल. आधी माथ्यावरचं पाणी बंद कर, पन्हळ लाव, दरजा चुन्यानं भरून घे, सिमेंटनं नव्हे. सुटलेले डबर परत त्याच जागी बसव. गोवऱ्यांचे वण राहू देत. नगरपालिकेचा माणूस काही म्हणालाच तर माझा नंबर दे त्याला.

फोटोत एक गोष्ट नीट दिसली नाही. परसदाराच्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, बैल बांधायची लोखंडी कडी होती. आपण तिच्यात सायकलची साखळी अडकवायचो. आहे का अजून? बघून कळव आणि जवळून फोटो काढ.

काकूंना नमस्कार सांग. मी पुढच्या महिन्याच्या अखेरीला परत येतोय, ओळंबा घेऊन थेट वाईला येतो.

तुझा,
दिन्या