माळ्यावरची पेटी टाकू नका

बर्लिन, रविवार दुपार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर बाबा ‘जेवलीस का’ विचारतात, मी ‘हो’ म्हणते, तेवढ्यात तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते आणि बोलायचं राहून जातं. म्हणून आज लिहायला बसले, मुख्यतः आत्याआजीच्या माळ्यावरच्या पेटीसाठी, खोली रिकामी करताना ती रद्दीत जाऊ नये म्हणून. तब्येत अगदी उत्तम आहे. थंडी आहे, पण घरात हीटर असतो आणि बाहेर पडताना कानटोपी घालतेच. आई, तू दिलेलं मेतकूट आणि गोडा मसाला अजून पुरतोय. ऑफिसचं सगळं तुम्हाला माहीत आहे, ते लिहीत बसत नाही.

आज वेळ आहे, कारण इथे रविवारी काही करताच येत नाही. हे नीट सांगते, मला स्वतःला ते कळायला वर्ष गेलं. दुकानं बंद असतात हे तर झालंच, पण घरातही आवाज करायचा नाही. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही. रिकाम्या बाटल्यांसाठी कोपऱ्यावर मोठे डबे असतात, पांढऱ्या काचेचा वेगळा, रंगीत काचेचा वेगळा. त्यांत रविवारी बाटली टाकायची नाही, कारण पडताना खळ्ळकन आवाज होतो! डब्यावर तसं लिहिलेलंच असतं. घरातल्या आवाजाला रोज रात्री दहा ते सकाळी सहा हाच नियम. पहिल्या वर्षी एका रविवारी मी दाण्याचं कूट करायला मिक्सर लावला, तर तासाभरात दाराला चिठ्ठी, अगदी नम्र, खाली सही. आपल्या चाळीत रविवारी एका खोलीत रेडिओ, दुसरीत खलबत्ता आणि जिन्यात पोरं, त्यातच मी वाढले. आता सवय झाली. रविवारी कानाला हेडफोन लावते आणि मागच्या खेपेला फोनमध्ये भरून आणलेल्या आत्याआजीच्या तबकड्या ऐकते.

आता माझ्या त्या फोटोबद्दल. दादाने तो तुला दाखवला आणि तुला रात्रभर झोप लागली नाही म्हणे. आई, मी कुठल्याही भलत्यासलत्या ठिकाणी उभी नव्हते. ते संग्रहालय आहे, १९८५ साली सुरू झालेलं. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, तृतीयपंथी, अशा माणसांच्या जगण्याचे कागद, फोटो, चित्रं तिथे जपून ठेवली आहेत. शनिवारी भर दुपारी तिकीट काढून गेले होते, एकटी नव्हते, माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण सोबत होती.

त्याच आठवड्यात आम्ही एक जुना चित्रपट पाहिला, ‘मेडशन इन युनिफॉर्म’, १९३१ चा. दिग्दर्शिका बाई, लिओन्टिने सागान. मूळ नाटक लिहिणारीही बाई, क्रिस्टा विन्स्लो. अख्ख्या चित्रपटात एकही पुरुष नाही. मुलींची एक कडक शिस्तीची वसतिगृहवाली शाळा, आणि तिथल्या एका मुलीचा एका शिक्षिकेवर जीव जडतो. शाळेच्या नाटकात ती राजपुत्राचं काम करते, आणि नाटक संपल्यावर त्याच पुरुषी वेशात सगळ्यांसमोर सांगून टाकते की माझं तिच्यावर प्रेम आहे. मग मुख्याध्यापिका तिला एकटं पाडते. शेवटी ती जिन्याच्या वरच्या मजल्यावर कठड्यापलीकडे जाते, आणि सगळ्या मुली तिच्या नावाने हाका मारत वर धावतात आणि तिला ओढून घेतात. मूळ नाटकात ती मरते, चित्रपटात तिला मैत्रिणी वाचवतात. मग ती मुख्याध्यापिका काठी टेकत जिना उतरून जाते, एक शब्दही न बोलता. मी त्या अंधारात रडले, आणि आठवत होती ती माळ्यावरची पेटी.

त्या पेटीत आत्याआजीचा आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या बाईंचा एक फोटो आहे. महिला मंडळाच्या गणपतीतल्या नाटकातला. बाईंनी कोट घातलाय, फेटा बांधलाय, काजळाने मिशी काढलीय, ती डावीकडे जरा पुसली गेलीय. आत्याआजी नऊवारीत. तिचा हात बाईंच्या कोटाच्या बाहीवर आहे, आणि तो फोटोसाठी ठेवलेला हात नाही. लहानपणी हा फोटो दिसला की सगळे हसायचे, ‘बाईंची गंमत बघ’.

बाबा, बालगंधर्वांचं नाव घेताना तुम्ही अजून कानाला हात लावता. त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने पाहून मुंबई-पुण्याच्या बायका तसं नेसायला लागल्या, हे तुम्हीच सांगितलंत. १९१३ साली फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण कुणी बाई मिळेना. पुढच्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. बाई झालेला पुरुष आपल्याला कळतो, आपण त्याला डोक्यावर घेतो. पुरुषाच्या वेशातली बाई मात्र अल्बमच्या शेवटच्या पानावर, गंमत म्हणून.

इथे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं १७५ नावाचं कलम होतं, आपल्या ३७७ सारखं. ते पूर्ण रद्द झालं १९९४ साली, आपल्याकडे न्यायालयाने निकाल दिला ६ सप्टेंबर २०१८ ला. पण १७५ फक्त पुरुषांना लागू होतं. बायकांवर खटले नाहीत, म्हणून त्यांच्या फायलीही नाहीत. त्यांची आठवण उरते ती घरातल्या पेटीत, गाण्याच्या तबकडीत, असल्या एखाद्या फोटोत. ती पेटी गेली की त्या बायका होत्या की नव्हत्या, हेसुद्धा कुणी सांगू शकणार नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. मॅग्नस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरांनी १९१९ साली याच शहरात अशा माणसांसाठी संस्था काढली. ते १९३१ मध्ये आपल्या देशातही येऊन गेले होते. ६ मे १९३३ ला नाझींनी ती संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. त्या जागी आता जमिनीत काच बसवलीय. खाली वाकून पाहिलं की पांढरी, रिकामी कपाटं दिसतात. हिर्शफेल्डनी ज्याच्यासाठी लेखन केलं, त्या १९१९ च्या चित्रपटाचेही आता तुकडेच उरलेत. आणि आपल्याकडे जाळायलाही कुणी लागलं नाही. फातमा बेगम, आपली पहिली दिग्दर्शिका, तिचा १९२६ चा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ आज कुणालाच पाहता येत नाही.

गौहर जान १९०२ च्या तबकडीवर गाणं संपताच स्वतःचं नाव सांगायची, ते माहीत आहे ना? तबकड्या छापायच्या हॅनोव्हरला, इथून रेल्वेने दोनेक तास. तिथल्या कामगारांना गाणारीण कोण हे कळावं म्हणून. मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये संगीत देणाऱ्या खुर्शीदबाईंना मात्र पारशी समाजाच्या विरोधामुळे सरस्वती देवी व्हावं लागलं. आणि आपल्या पेटीतल्या केसरबाई केरकर! त्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला, आणि आपण त्यांची तबकडी रद्दीवाल्याला किलोवर देणार? आई, तसं करू नका.

खोली रिकामी करायची घाई आहे हे कळतं. बिल्डरचं भाडं वेळेवर येत नाही, म्हणून पाच तारखेला साठ हजार पाठवते. त्यात नव्या जागेचं डिपॉझिट आणि टेम्पो-हमाल दोन्ही होईल. बाबा, परत करायचं बोलू नका. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे चारच हप्ते उरलेत. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी दादा धावला, मी नव्हते, ते माझ्या मनातून जात नाही. दादाच्या लग्नाला वीस दिवस येते, तिकीट काढलंय. हळदीला मी असेन, नक्की.

आता डोंबिवलीच्या मावशीने सांगितलेलं स्थळ. आई, मुलगा चांगला असेल, घरही चांगलं असेल. त्यांना नाही कळव. माझ्यामुळे तुला चारचौघांत उत्तरं द्यावी लागतात, त्याचं मला वाईट वाटतं. माझी मैत्रीण भाडं वाटून घेते असं मी सांगितलं होतं. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. आत्याआजी आणि बाई त्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस वर्षं राहिल्या, आणि बाई गेल्या तेव्हा तेराव्याला त्यांच्या भाच्यांनी आत्याआजीला मागच्या रांगेत बसवलं. मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी तिने बाईंची लुगडी धुतली, घड्या घातल्या आणि त्या पेटीत तळाशी ठेवली. ती अजून तिथेच असतील. तू तेव्हा तिला दुपारचा चहा नेऊन दिलास आणि तिच्याजवळ बसलीस, एकटी तूच. ते मी पाहिलं होतं, म्हणून हे तुलाच लिहितेय. बाबांना तू समजावून सांग, किंवा मी आल्यावर आपण दोघी समजावू.

पेटी माझ्या नावाने दादाकडे ठेव. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका, तडकतात. आणि त्या फोटोमागे दोघींची पूर्ण नावं लिही, बाईंचं आडनाव तुलाच माहीत आहे. पेनने नको, शाई पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिलीने लिही, दाबू नकोस.

तुमची,
ताई